दुसऱ्या तासानंतरची सीट

मोटारसायकलच्या सीटची परीक्षा दुकानात घेता येत नाही, ही या विषयातली पहिली आणि मोठी अडचण आहे. दुकानात आपण पाच मिनिटे बसतो, अंगठ्याने गादी दाबून पाहतो, मऊ लागली की मान डोलावतो आणि पैसे देऊन मोकळे होतो. ती गादी आपल्याशी पुढे कशी वागणार आहे हे कळायला दीड-दोन तास सलग गाडी चालवावी लागते, आणि तोवर आपण घरापासून शंभर किलोमीटर लांब कुठल्यातरी टपरीसमोर कंबर धरून उभे असतो. सीताबर्डी ते धरमपेठ किंवा सदर ते महाल एवढ्याच फेऱ्या असतील तर कोणतीही सीट चांगलीच म्हणावी लागेल. दर चौकात सिग्नल लागतो, पाय खाली टेकतात, दहा-पंधरा मिनिटांत माणूस उतरतोही. सीटचे गुणदोष बाहेर यायला रस्ता लांब आणि मोकळा लागतो.

नागपूरकराला हा प्रश्न जरा अधिकच छळतो, कारण आमच्याकडे ‘जवळ’ म्हणावे असे फारसे काही नाही. रामटेक सोडले तर ताडोबा, चिखलदरा, पचमढी ही सगळी नावाजलेली ठिकाणे साधारण दीडशे ते अडीचशे किलोमीटरच्या पट्ट्यात येतात. पुण्याच्या माणसाला तासाभरात घाट लागतो. आम्हाला तासाभरात कोंढाळी लागते. त्यातून समृद्धी महामार्ग आमच्याच दारातून सुरू होत असला तरी ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर दुचाकीला प्रवेश नाही, त्यामुळे पश्चिमेकडे निघालेल्या मोटारसायकलवाल्याच्या नशिबी अजूनही अमरावतीचा जुना महामार्गच आहे. माझ्या ३५० सीसीच्या गाडीला कारखान्यातून आलेली सीट होती, तोवर त्या रस्त्याचा मला दुखण्याच्या हिशेबाने नकाशाच काढता आला असता. कोंढाळी ओलांडेपर्यंत आपल्या बुडाखाली सीट आहे याची जाणीवही होत नसे. तळेगावच्या आसपास शरीर आपोआप थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे सरकू लागे. तिवसा येईपर्यंत लक्ष रस्त्यावरून उडून पुढचा ढाबा किती लांब आहे याकडे लागलेले असे, आणि गुरुकुंज मोझरीला चहासाठी थांबणे हा निव्वळ बहाणा असे. दोन पायांवर उभे राहता यावे, एवढाच त्या चहाचा अर्थ होता.

हे दुखणे कशामुळे होते हे नीट समजून घेतल्याशिवाय बाजारात जाण्यात अर्थ नाही, असे माझे मत आहे, कारण बाजारात या दुखण्यावर एकच औषध विकले जाते आणि ते म्हणजे मऊपणा. बसल्यावर धडाचा बहुतेक भार ओटीपोटाखालच्या हाडांच्या दोन गोलसर टोकांवर येतो. शरीरशास्त्राच्या भाषेत त्यांना इश्चियल ट्यूबरॉसिटी म्हणतात. आपण त्यांना बैठकीची हाडे म्हणू. हाड आणि गादी यांच्या मध्ये सापडलेल्या स्नायूंवर व त्वचेवर सतत दाब राहिला की तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या दबतात, रक्तपुरवठा मंदावतो आणि शरीर दुखण्याच्या रूपाने ‘हल’ असा हुकूम सोडते. घरी खुर्चीत बसलेले असताना तो हुकूम आपण नकळत पाळत असतो. मांडी बदलतो, एका कुशीवर झुकतो, उठून पाणी पिऊन येतो. मोटारसायकलवर मात्र हात हँडलला, पाय फूटरेस्टला आणि गुडघे टाकीला असे तिन्हीकडून जखडलेले असतात. हुकूम येत राहतो आणि तो पाळायला जागाच नसते.

मऊ गादी इथे मदत करेल असे कोणालाही वाटेल, आणि पहिली वीस मिनिटे ती खरोखरच करते. पुढे मात्र बैठकीची हाडे तिच्यात रुतत जातात, त्यांच्याखालचा फोम दबून दबून संपतो आणि माणूस दिसायला गादीवर, पण प्रत्यक्षात तळाच्या प्लास्टिकवर बसलेला असतो. एवढ्यावर हे थांबत नाही. हाडे खाली गेली की बाजूची गादी वर येते आणि जिथे भार पेलायची शरीराला सवयच नाही अशा मधल्या नाजूक भागाला व माकडहाडाला टोचू लागते. चांगल्या सीटने भार हाडांवरच घ्यायचा असतो. फक्त तो त्यांच्या आसपासच्या शक्य तितक्या मोठ्या भागावर पसरायचा असतो. त्यासाठी फोम जरा हट्टी असावा लागतो.

फोमच्या दुकानात गेले की ‘किती डेन्सिटीचा देऊ?’ असा प्रश्न येतो, आणि आकडा जितका मोठा तितका फोम कडक असे गिऱ्हाईक व दुकानदार दोघेही धरून चालतात. घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ४० डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन ४० किलो, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. फोममध्ये माल किती आहे आणि म्हणून तो किती दिवस आकार धरून राहील याचा अंदाज त्यावरून येतो. कडकपणा मोजायचा तर एक ठरावीक मापाची तबकडी फोमवर ठेवून तो ठरावीक टक्के दबायला किती जोर लागतो ते पाहावे लागते. जड फोम मऊ असू शकतो आणि हलका फोम कडक. हलका कडक फोम ही सगळ्यांत फसवी चीज आहे, कारण दुकानात तो अगदी योग्य वाटतो आणि एका उन्हाळ्या-पावसाळ्यात त्याची पोळी होते.

तयार मिळणाऱ्या उपायांपैकी बहुतेकांचा अनुभव माझ्याकडे स्वतःचा नाहीतर मित्रमंडळींचा आहे, आणि त्या सगळ्यांवर नागपूरच्या उन्हाने आपला वेगळा अभिप्राय नोंदवलेला आहे. मेमरी फोमचेच घ्या. नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी चार्ल्स योस्ट यांनी १९६६ मध्ये विमानाच्या आसनांकरिता हा पदार्थ तयार केला, आणि शरीराच्या उबेने मऊ होऊन त्याचा आकार घेणे हाच त्याचा गुण आहे. पण ज्या शहरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तिथे या फोमला मऊ व्हायला आपल्या शरीराची वाट पाहावी लागत नाही. उन्हात उभ्या असलेल्या गाडीवर तो आधीच ढिला पडलेला असतो आणि बसल्याबरोबर तळ गाठतो. उलट डिसेंबरच्या पहाटे पचमढीच्या रस्त्याला लागलो की तोच फोम बराच वेळ लाकडासारखा राहतो. पातळ थर म्हणून वर वापरायला ठीक आहे, पण अख्खी सीट त्याची करू नये.

जेलची गोष्ट थोडी वेगळी आहे. जेल दबून नाहीसा होत नाही, बाजूला सरकतो, त्यामुळे दाब पसरवण्याचे काम तो चांगले करतो. मात्र त्याचे वजन आणि उष्णता धरून ठेवण्याची ताकद फोमपेक्षा कितीतरी जास्त असते. जेलची उशी थेट रेग्झिनखाली असेल आणि गाडी दुपारी उघड्या पार्किंगमध्ये तासभर उभी राहिली असेल, तर तिच्यावर दुपट्टा टाकूनही पहिले दहा किलोमीटर माणूस बसल्यापेक्षा उभाच अधिक असतो. जेल वापरायचाच असेल तर तो फोमच्या एका थराखाली पुरावा. जाळीचे कव्हर हा उपाय मात्र आमच्या हवामानाला मानवतो. पोळ्यासारख्या उभ्या धाग्यांची ती जाड जाळी भार फारसा पसरवत नाही, पण बूड आणि रेग्झिन यांच्या मध्ये हवा खेळती ठेवते, घाम सुकवते आणि काळ्या सीटचा चटका कमी करते. किंमत आणि गुण यांचा हिशेब घातला तर नागपूरच्या मोटारसायकलवाल्याने सर्वांत आधी हीच घ्यावी, असे मी बिनदिक्कत सांगतो.

हवेची उशी मला या सगळ्यांत बुद्धीने सरस वाटते. तिचा उगम चाकाच्या खुर्चीत आहे. दिवसच्या दिवस बसून राहावे लागणाऱ्या रुग्णांना दाबामुळे होणाऱ्या जखमा टाळता याव्यात म्हणून अमेरिकेत रॉबर्ट ग्रेब या अभियंत्याने १९७० च्या दशकात एकमेकींना आतून जोडलेल्या हवेच्या लहान लहान कप्प्यांची उशी विकसित केली, आणि पुढे तीच कल्पना मोटारसायकलवर आली. कप्पे जोडलेले असल्यामुळे हाडाखाली दबलेली हवा शेजारच्या कप्प्यांत जाते आणि सगळीकडे दाब सारखा राहतो. शाळेत शिकलेला पास्कलचा नियम बुडाखाली चालू असतो म्हणा ना. लोक ही उशी घट्ट फुगवतात आणि मग ती डगमगते म्हणून नावे ठेवतात. खरे तर ती भरून त्यावर बसावे आणि बूड सीटला जेमतेम टेकणार नाही इतपत राहीपर्यंत हवा सोडत जावी. माझा तिच्याविषयीचा एकच आक्षेप आहे, आणि तो चिखलदऱ्याच्या घाटात लक्षात येतो. परतवाडा सोडून वळणे सुरू झाली की गाडीचे मागचे चाक काय बोलते आहे हे सीटमधून कळायला हवे असते, आणि हवेची उशी ते बोलणे अर्धवटच पोचवते.

शेवटी मी गेलो तो सीटकव्हरवाल्या एका काकांकडे. गांधीबागेकडून इतवारीत शिरताना लागणाऱ्या एका गल्लीत त्यांची टपरीवजा जागा आहे. पुढे शिलाई मशीन, मागे रेग्झिनचे गुंडाळे आणि छताला टांगलेल्या जुन्या सीटांचे सांगाडे. मी माझ्या परीने बराच अभ्यास करून गेलो होतो, आणि बोलायला सुरुवात करताना ‘नरम’ हा शब्द माझ्या तोंडून निघताच त्यांनी मान वर न करता सांगितले, “नरम पाहिजे तं सोफा घ्या न भाऊ. गाडीवर सपाट पाहिजे.” पुढचे सगळे काम म्हणजे या एका वाक्याचे स्पष्टीकरण होते.

त्यांनी सीट उलटी केली, पेचकसाच्या टोकाने आणि पकडीने कडेच्या स्टेपल पिना एकेक करून उपटल्या आणि कव्हर सोलून काढले. खालचा साच्यात ओतलेला फोम पिवळट, आणि जिथे मी बसत होतो तिथे दोन बशीएवढ्या जागी तपकिरी व बसका झालेला होता. त्यांनी त्यावर लाकडी पट्टी आडवी न ठेवता उभी, टाकीकडून मागे अशी ठेवली. पट्टीचे पुढचे टोक स्पष्ट खाली झुकले होते. कारखान्याची सीट बहुधा अशीच पुढे उतरती करतात, कारण बुटक्या माणसाचेही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. पण त्या उतारामुळे प्रत्येक ब्रेकला आपण इंचाइंचाने टाकीकडे घसरतो, सीटच्या निमुळत्या भागावर जाऊन बसतो, आणि परत मागे सरकतो. दुखण्याचा निम्मा भाग फोमचा नसून या उताराचा होता.

मग त्यांनी खडूने एक लांबट आकार आखला, हॅक्सॉच्या सुट्या पात्याला एका टोकाला चिंधी गुंडाळून त्याची सुरी केली आणि बसका फोम वडीसारखा कापून काढला. त्या खळग्यात जड, घट्ट फोमचा तुकडा बसवायचा होता. दोन्ही बाजूंना सोल्युशन लावून ते लगेच चिकटवले नाही; बोटाला ओढ लागेल इतपत सुकू दिले आणि मग एकदाच दाबले. वरून ग्राइंडरला लावलेल्या पॉलिशपेपरच्या चकतीने कडा घासल्या, तेव्हा पिवळी भुकटी दुकानभर उडाली. सर्वांत वर अर्ध्या इंचाहूनही पातळ असा मऊ थर आला, तो केवळ त्वचेच्या समाधानासाठी. त्यानंतर कव्हर न चढवताच सीट गाडीवर ठेवून मला बसवले, मागून पाहिले, उतरवले, डाव्या बाजूला थोडे घासले, परत बसवले. “एक कूस जड आहे तुमची,” हे निदान त्यांनी मला न विचारताच केले होते. ते बरोबर होते, पण खिशातले पाकीट कायम उजवीकडे असते हे त्यांना मी सांगितले नाही.

मापासाठी मी घरून एक गोष्ट नेली होती आणि ती त्यांना आवडली. पन्हाळीदार पुठ्ठ्याचा तुकडा सपाट लाकडी स्टुलावर ठेवून त्यावर काही मिनिटे पाय थोडे उचलून बसले की बैठकीच्या हाडांचे दोन ठसे पुठ्ठ्यावर उमटतात आणि त्यांच्या मध्यांमधले अंतर पट्टीने मोजता येते. सायकलचे खोगीर निवडताना ही युक्ती पुष्कळ जण वापरतात. हे अंतर माणसागणिक वेगळे असते, स्त्रियांमध्ये ते सरासरीने पुरुषांपेक्षा जास्त असते, आणि आपले वजन किंवा पोटाचा घेर यांच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. काकांनी पुठ्ठा फोमवर ठेवून ठशांच्या जागी खडूने दोन फुल्या मारल्या आणि सीटची सपाट रुंदी त्या फुल्यांच्या बरीच बाहेरपर्यंत नेली. शिंप्याने अंगाचे माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावू नये, हे आपण सहज मान्य करतो. सीटच्या बाबतीत मात्र सगळ्या देशाला एकाच मापाचे कापड पुरते असे समजून चालतो.

रुंदीची किंमत पायांनी मोजावी लागते, हेही सांगायला हवे. सीट मागे रुंद केली तर हरकत नाही, पण पुढचा, मांड्यांमधला भाग रुंद राहिला तर पाय फाकतात आणि जमीन लांब जाते. गाडीची उंची कागदावर तीच असूनही माणूस सिग्नलला चवड्यांवर उभा राहतो. म्हणून पुढच्या कडा तासून गोल करून घेतल्या. उंची मात्र मी मुद्दाम अर्धा इंच वाढवून घेतली, कारण सीट जितकी वर तितका गुडघा कमी मुडपतो, आणि माझ्या उंचीला गुडघ्याचे दुखणे बुडाच्या दुखण्याच्या पाठोपाठ येत असे. बुटक्या माणसाने माझे अनुकरण करू नये.

नव्या सीटची पहिली खरी परीक्षा मी जबलपूरच्या बाजूला, पेंचच्या रस्त्यावर घेतली. मनसर मागे टाकल्यावर राष्ट्रीय महामार्ग ४४ जंगलातून जातो, वाघांना खालून जाता यावे म्हणून रस्ता जागोजागी उचललेला आहे, आणि त्या पुलांवर दोन्ही बाजूंना आवाज व उजेड अडवणाऱ्या भिंती आहेत. रस्ता गुळगुळीत आणि सरळ आहे, आणि बसण्याच्या दृष्टीने नेमका असाच रस्ता सर्वांत कठोर असतो. घाटात शरीर वळणागणिक हलते, भार एका हाडावरून दुसऱ्यावर जातो, खड्डा दिसला की फूटरेस्टवर उभे राहतो. शरीराची हलण्याची मागणी रस्ताच पूर्ण करतो. सरळ रस्त्यावर मात्र माणूस पुतळा होतो. त्या दिवशी खवासा ओलांडून सिवनीच्या जवळ जाईपर्यंत मला उतरावेसे वाटले नाही, आणि उतरलो ते भूक लागली म्हणून. दुखले नाही असे म्हणणार नाही. परतीच्या प्रवासात शेवटच्या टप्प्यात दुखलेच, पण ते दमल्याचे दुखणे होते, टोचल्याचे नव्हते, आणि हा फरक ज्याने दोन्ही सोसले आहेत त्याला समजावून सांगावा लागत नाही.

सीटच्या पलीकडचे काही मुद्दे थोडक्यात सांगतो. मागचे शॉकअॅब्सॉर्बर गरजेपेक्षा कडक लावलेले असतील तर जगातली कोणतीही गादी त्यांचे धक्के पचवू शकत नाही. एकट्याने जाताना त्यांचे प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब, कमी करावे. फूटरेस्ट फार पुढे असलेल्या क्रूझर गाड्यांवर पायांवर भार घेऊन उठता येत नाही, म्हणून त्यांची रुंद, राजेशाही दिसणारी सीटही माकडहाडाला सोसत नाही. जीन्सची मधली जाड शिवण हा अनेकांच्या दुखण्याचा खरा आरोपी असतो. आणि अमेरिकेत आयर्न बट असोसिएशन, शब्दशः ‘लोखंडी बूड संघटना’, नावाची संस्था २४ तासांत १,००० मैल, म्हणजे सुमारे १,६०९ किलोमीटर, गाडी चालवणाऱ्याला प्रमाणपत्र देते, तिच्या नावाकडे पाहून ‘सहनशक्ती वाढवा’ असा सल्ला देणारे मित्र प्रत्येकाला भेटतात. त्यांना चहा पाजून वाटेला लावावे.

पावसाळ्याचा बंदोबस्त काकांनी आपणहून केला. शिवणीच्या प्रत्येक टाक्याला भोक असते, त्यातून पाणी फोममध्ये झिरपते, आणि भिजलेला फोम दोन-तीन दिवस सुकत नाही; ऊन पडले तरी बसल्यावर पँट ओली होते. त्यांनी फोम आणि कव्हर यांच्या मध्ये पातळ प्लास्टिकचा कागद ताणून घातला आणि शिवण बसण्याच्या जागेवरून काढून कडेला नेली, त्यामुळे पाणीही कमी शिरते आणि टाकाही टोचत नाही. कव्हरला मी चकचकीत रेग्झिन न घेता खरखरीत घेतले, म्हणजे ब्रेक लावल्यावर बूड जागेवर राहते. जाताना त्यांनी बजावले, “महिनाभर चालवून पाहजा, फोम बसते थोडा. मंग या, एक हात मारून देतो.” मी गेलो, त्यांनी हात मारून दिला, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

मागच्या सीटचे काम अजून व्हायचे आहे. ती कारखान्याची आहे तशीच आहे, पुढे उतरती, त्यामुळे प्रत्येक ब्रेकला मागे बसलेली व्यक्ती माझ्या पाठीवर येते आणि तिने ती गोष्ट नवी सीट झाल्याच्या पहिल्याच रविवारी, रामटेकच्या वाटेवर, दोनदा निदर्शनास आणून दिली आहे. त्या भागाचे माप माझ्या पुठ्ठ्यावरून घेता येणार नाही, तिला स्वतः दुकानात येऊन बिनकव्हरच्या फोमवर बसून दाखवावे लागेल. ती यायला तयार आहे, मात्र त्या गल्लीत मे महिन्यात येणार नाही, असे तिने स्पष्ट सांगितले आहे, आणि काकांनीही मृगानंतरचीच तारीख दिली आहे.